तूर फुलोऱ्यात आली, आता वाकून बघा

तुरीत शेंगमाशी शिरल्याचे बांधावर उभे राहून कळत नाही. ते आधी कळते घरात सोले काढत बसलेल्या बायकांना. शेंग बाहेरून हिरवीगार, कुठे छिद्र नाही. अंगठ्याने दाबून उकलली की आतल्या दाण्यावर तपकिरी नागमोडी चर दिसतो आणि शेजारच्या कुजक्या दाण्यात तांदळाच्या कणीएवढी पांढरी, बिनपायांची अळी वळवळते. तोवर शेंगा भरत आलेल्या असतात आणि फवाऱ्याचा उपयोग संपलेला असतो.

म्हणून हा सल्ला आत्ताच, दिवाळीच्या आगेमागे, मराठवाडा-विदर्भात सोयाबीन निघून तुरीचे तास मोकळे झाले असताना. तुरीवर शेंगा खाणाऱ्या मुख्य किडी तीन, आणि तिन्ही शोधायच्या जागा वेगळ्या.

पहिली शेंगा पोखरणारी अळी. हरभऱ्यावर हिलाच आपण घाटेअळी म्हणतो आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. रंगावर जाऊ नका. एकाच झाडावर हिरवी, पिवळसर, तपकिरी, गुलाबी अशी कोणतीही सापडते, अंगाच्या बाजूंना तुटक गडद रेघा असतात. मादी कळ्या-फुलांवर अंडी एकेकटी घालते, तीन-चार दिवसांत ती उबतात. लहान अळी कळ्या कुरतडते. मोठी झाली की शेंगेला गोल भोक पाडून तोंड आत, निम्मे अंग बाहेर असा तिचा थाट. दुसरी पिसारी पतंगाची अळी: हिरवट-तपकिरी, अंगभर बारीक काटे आणि केस, शेंगेवर बसून बाहेरूनच दाणा खाणारी. तिचा कोषही शेंगेवरच चिकटलेला असतो, नीट पाहिले नाही तर अळीच वाटतो. तिसरी वर सांगितलेली शेंगमाशी. ती दाणा आकार घेऊ लागताच कोवळ्या शेंगेत अंडी घालते, अळी आत वाढते, कोषही आतच करते. लवकर येणारे वाण तिच्या तावडीतून बरेचदा निसटतात, उशिरा पिकणाऱ्या तुरीला मात्र ती हमखास गाठते. बदनापूरच्या बीडीएन-७११ सारख्या लवकर येणाऱ्या वाणाचा हा एक फायदा, फारसा कुणी न बोललेला.

आता फुलगळीबद्दल. तुरीला जेवढी फुले येतात त्यातली बहुतेक आपोआप गळतात, थोड्यांचीच शेंग होते. हा झाडाचा स्वभाव आहे. त्यात धुई पडली, ढग आले की गळ वाढते. जमिनीवर पिवळा सडा पाहून घाबरलेला शेतकरी दुकानात जातो आणि दोन कीटकनाशके, एक टॉनिक अशी पिशवी घेऊन येतो. अळी मोजलेली नसते. माझ्या मते तुरीतला सर्वांत मोठा खर्च इथेच वाया जातो.

मोजायचे असे. घाटेअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे पिकाच्या फूटभर वर लावा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात ८ ते १० पतंग पडले किंवा झाडामागे सरासरी १ अळी दिसली, तरच मोठे औषध काढा. एकरी २० पक्षीथांबे रोवा. कोतवाल आणि साळुंकी पहाटेपासून कामाला लागतात. सोप्यातला सोपा उपाय जुना आहे: ओळीत पोते किंवा जुने लुगडे अंथरायचे, झाड हलवायचे, पडलेल्या मोठ्या अळ्या रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या. मोठ्या अळीवर औषध फारसे चालत नाही, पोते बरोबर चालते.

निम्मे झाड फुलले की पहिला फवारा ५ टक्के निंबोळी अर्काचा. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचे पाणी मिसळा आणि सगळे मिळून १०० लिटर करा. अळ्या लहान असतील तर हेक्टरी ५०० एल.ई. एचएनपीव्ही विषाणू, पण ऊन उतरल्यावरच. उन्हाने तो निकामी होतो. रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात, त्या काढू नका, त्यांच्यातूनच रोग पसरतो. एवढ्याने भागले नाही तर १० लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ४.४ ग्रॅम, आणि पुढे गरज पडलीच तर क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के ३ मिली. दोन्ही एका पंपात घालू नका, तेच औषध लागोपाठ मारू नका. याच अळीने १९८७ साली आंध्रच्या कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइडना दाद देणे बंद केले होते. शेंगमाशीसाठी मात्र दाणा ज्वारीएवढा होताच आठवड्याला २०-२५ शेंगा उकलून बघा, आणि अळी दिसताच औषध कृषी सहायकाला विचारून ठरवा.

फवारणी चारनंतर, सकाळी मधमाश्या फुलांवर असतात. तूर डोक्याच्या वर गेलेली असते, फवारा आपल्याच तोंडावर पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधेने माणसे दगावली. वारा पाठीवर घेऊन फवारा, तोंडाला फडके, हातात मोजे, आणि पंपाचे नोझल तोंडाने फुंकायचे नाही.

शेजारच्या तुकड्यात हरभरा असेल तर एक सापळा तिथेही लावा. तूर वाळू लागली की घाटेअळीचा पतंग तिकडे वळतो.