ऐकलेले पडताळून पाहा

राष्ट्रीय उद्यानावरील व्याख्यान किंवा पुस्तकचर्चा ऐकून नुसत्या टाळ्या वाजवू नका. एखादे विधान पडताळून पाहा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात विहार व तुळशी हे तलाव आहेत. विहारचे पाणी मुंबईला १८६० पासून मिळते. ‘जंगल हे तलाव राखते,’ असे वक्ते म्हणतात. ते कसे?

दोन ताटांत माती दाबून भरा. एकीवर वाळलेली पाने पसरा. दोन्ही ताटे सारखीच तिरपी ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. वाहून आलेले पाणी दोन पेल्यांत धरा. उघड्या मातीचे पाणी अधिक गढूळ दिसेल. कारण पाने थेंबांचा मारा स्वतःवर झेलतात. जंगल तुटले, तर हाच गाळ तलावात साचेल. पुढच्या चर्चेला हे दोन पेले घेऊन जा!