मधल्या फळीतला माणूस

फुटबॉल खेळायला जमलेल्या मुलांना विचारा, "तू कोठे खेळणार?" बहुतेक जण "पुढे" असेच सांगतील. गोल पुढचे खेळाडू करतात आणि टाळ्याही त्यांनाच मिळतात. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम मात्र चटकन डोळ्यांत भरत नाही. मागून आलेला चेंडू त्याने घ्यायचा, मान वर करून पाहायचे आणि जो साथीदार मोकळा असेल त्याच्याकडे चेंडू द्यायचा. समोरच्या संघाने चढाई केली, की धावत मागे यायचे. आपल्या संघातला कोण कोठे उभा आहे, हे त्याला सतत ठाऊक असावे लागते. स्कॉटलंडमधील मॅट बझ्बी हे असे मधल्या फळीचे खेळाडू होते. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि फुटबॉलच्या इतिहासात अजरामर झाले.

मॅटचा जन्म २६ मे १९०९ रोजी स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात, बेल्सहिलजवळच्या ऑर्बिस्टन येथे झाला. ही कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांची वस्ती होती. घर दोन खोल्यांचे. वडीलही खाणीतच काम करीत. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि १९१७ साली फ्रान्समध्ये अर्रासच्या लढाईत मारले गेले. मॅट तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच युद्धात त्याचे तीन मामा-काकाही गेले. घरात उरली आई, मॅट आणि तीन बहिणी.

आईने अमेरिकेला जाऊन राहण्याचे ठरवले होते. परवानगीचे कागद येण्यास वेळ होता. तोपर्यंत मॅट खाणीत काम करी आणि सुटीच्या दिवशी फुटबॉल खेळे. एवढ्यात इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी या क्लबने त्याला बोलावले. १९२८ साली, अठराव्या वर्षी, आठवड्याला पाच पौंड पगारावर तो मँचेस्टरला गेला. अमेरिकेचा बेत तेथेच राहिला.

तुम्हांला वाटेल, आता त्याचे नशीब उघडले. तसे झाले नाही. क्लबने त्यांना आघाडीच्या फळीत घातले. तेथे लागणारा वेग त्यांच्या पायांत नव्हता. दोन-तीन हंगाम ते धडपडत राहिले. घरची आठवण येई. खेळ सोडून परत जावे, असे मनात येई. १९३० साली शेजारच्याच मँचेस्टर युनायटेड क्लबने त्यांची चौकशी केली; परंतु सिटीने मागितलेले १५० पौंड देण्याचीही त्या क्लबची ऐपत नव्हती!

मग एके दिवशी राखीव संघाच्या सामन्यात मधल्या फळीतील उजवीकडची जागा रिकामी पडली. या जागेला त्या काळी 'राइट हाफ' म्हणत. बझ्बींना तेथे उभे केले गेले. या जागेवर धावण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे होते. सगळे मैदान त्यांच्या समोर होते. ज्या माणसाला पुढे उभे राहून काही सुचत नव्हते, त्याला चार पावले मागे येताच सगळे दिसू लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी पहिल्या संघातली ही जागा पक्की केली. १९३४ साली मँचेस्टर सिटीने पोर्ट्समथचा २-१ असा पराभव करून एफ. ए. कप जिंकला, त्या संघात बझ्बी होते. १९३६ साली ते लिव्हरपूलकडे गेले आणि तेथे कप्तान झाले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून मात्र ते फक्त एकच अधिकृत सामना खेळले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि खेळाडू म्हणून त्यांची उमेदीची वर्षे संपली. सैन्यात ते जवानांना व्यायाम आणि फुटबॉल शिकवू लागले. १९४५ साली सैन्याचा संघ घेऊन ते इटलीला गेले. बारी या गावी त्यांनी जिमी मर्फी नावाच्या एका वेल्श माणसाला जवानांसमोर फुटबॉलवर बोलताना ऐकले. हा माणूस आपल्याबरोबर हवा, असे त्यांनी तेथेच ठरवले. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने त्यांना प्रशिक्षकपद देऊ केले. हा तोच क्लब, ज्याच्याकडे कधी १५० पौंड नव्हते. आता तर त्याची अवस्था आणखी वाईट होती. १९४१ साली जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात त्याचे ओल्ड ट्रॅफर्ड हे मैदान उद्ध्वस्त झाले होते. डोक्यावर कर्ज होते. घरचे सामने खेळण्यासाठी शेजाऱ्याचे, म्हणजे मँचेस्टर सिटीचे, मैदान भाड्याने घ्यावे लागे. अशा क्लबकडे नोकरी मागताना माणूस नमून बोलेल, असे आपल्याला वाटते. बझ्बींनी मात्र अटी घातल्या. क्लबने तीन वर्षांचा करार पुढे केला. त्यांनी पाच वर्षे मागितली. संघ कोणी निवडायचा, खेळाडू कोणते घ्यायचे, सराव कसा करायचा, हे सगळे मी ठरवीन, असे त्यांनी सांगितले. त्या काळी संघनिवडीत क्लबचे संचालकही हात घालत. प्रशिक्षक कोट घालून कचेरीत बसे. बझ्बी खेळाडूंचे कपडे घालून त्यांच्याबरोबर मैदानात धावू लागले. खेळाडूंना याचे नवल वाटले.

आपल्या वाट्याला आलेला अनुभव ते विसरले नव्हते. जॉनी कॅरी हे आघाडीच्या फळीत खेळत. बझ्बींनी त्यांना बचावफळीत नेले. जॉन अ‍ॅस्टन यांच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. नवे खेळाडू विकत घ्यायला पैसा नव्हता. पण आहेत त्या माणसांची खरी जागा शोधायला पैसा लागत नाही. १९४८ साली या संघाने ब्लॅकपूलला ४-२ असे हरवून एफ. ए. कप जिंकला आणि १९५२ साली लीगचे विजेतेपद मिळवले.

परंतु तोवर हा संघ वयस्क झाला होता. बझ्बी आणि त्यांचे मदतनीस मर्फी यांनी फार आधीपासून पंधरा-सोळा वर्षांची मुले जमवायला सुरुवात केली होती. क्लबची माणसे मुलांच्या घरी जात, आईवडिलांशी बोलत. मुले मँचेस्टरला आली, की विश्वासातल्या बायकांच्या घरी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होई. उर्दूत आपण ज्याला 'अमानत' म्हणतो, तोच शब्द मराठीत 'अनामत' झाला आहे. मराठीत तो बहुधा पैशांपुरताच वापरतात. पण ही मुले म्हणजे खरोखर बझ्बींकडे ठेवलेली अमानत होती. त्यांत डंकन एडवर्ड्स होता, बॉबी चार्ल्टन होता, एडी कोलमन होता. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे या पोरसवदा संघाने लीग जिंकली. वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव 'बझ्बी बेब्ज', म्हणजे बझ्बींची बाळे, असे ठेवले.

युरोपातील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या संघांसाठी 'युरोपियन कप' ही स्पर्धा १९५५ साली सुरू झाली होती. इंग्लंडच्या फुटबॉल लीगला ती पसंत नव्हती. इंग्लंडमधील सामन्यांचे वेळापत्रक बिघडेल, अशी तिची तक्रार होती. पहिल्या वर्षी लीगचे ऐकून चेल्सी क्लबने माघार घेतली. बझ्बींनी मात्र ऐकले नाही. खेळ आता एका देशापुरता उरलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९५६ साली त्यांनी आपल्या क्लबच्या संचालकांना राजी केले आणि आपली मुले युरोपात नेली. पहिल्याच वर्षी हा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला.

दुसऱ्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९५८ रोजी, युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे सामना झाला. तो ३-३ असा बरोबरीत सुटला आणि आधीच्या विजयामुळे युनायटेड पुढच्या फेरीत गेले. शनिवारी इंग्लंडमध्ये लीगचा सामना होता. वेळेवर परतणे आवश्यक होते, म्हणून खास विमान घेतले होते. ६ फेब्रुवारीला ते इंधन भरण्यासाठी जर्मनीत म्युनिक येथे उतरले. बर्फ पडत होता. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल झाला होता. विमानाने दोनदा उड्डाणाचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते थांबवावे लागले. तिसऱ्या वेळी विमानाला पुरेसा वेग आला नाही. ते धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन आदळले.

विमानात ४४ माणसे होती. त्यांपैकी २३ मरण पावली. त्यांत आठ खेळाडू, क्लबचे तीन कर्मचारी आणि आठ पत्रकार होते. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला आणि गेला. तो २१ वर्षांचा होता. दोन खेळाडू वाचले, पण पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत.

बझ्बींच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला इजा झाली होती. ते वाचतील असे कोणाला वाटत नव्हते. मरणाऱ्या माणसासाठी ख्रिस्ती धर्मगुरू जो विधी करतात, तो त्यांच्यासाठी दोनदा केला गेला. कोण कोण गेले, हे डॉक्टरांनी त्यांना बरेच दिवस कळू दिले नाही. शेवटी त्यांनी पत्नी जीन यांना एकेका मुलाचे नाव विचारायला सुरुवात केली. त्या फक्त मान हलवून 'आहे' किंवा 'नाही' असे सांगत होत्या.

या अपघाताला बझ्बी जबाबदार नव्हते. पुढे ब्रिटिश चौकशीत धावपट्टीवरील बर्फाचा चिखल हेच कारण ठरले. पण युरोपात जायचा हट्ट कोणाचा होता, हे त्यांना ठाऊक होते. मुले आपल्या भरवशावर आली होती, हेही ठाऊक होते. फुटबॉलशी आता काही संबंध ठेवायचा नाही, असे ते म्हणू लागले. जीन यांनी त्यांना समजावले, की ती मुले असती तर त्यांनी तुम्हांला काम चालू ठेवायलाच सांगितले असते. दुःखात असलेल्या माणसाला असे सांगायला फार धैर्य लागते.

इकडे जिमी मर्फी यांनी क्लब सावरला. ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाबरोबर कार्डिफला गेले होते, म्हणून त्या विमानात नव्हते. अपघातानंतर तेराव्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर सामना झाला. छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा खेळाडूंच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण ती छापेपर्यंत संघच ठरला नव्हता. राखीव खेळाडू आणि ऐनवेळी आणलेली माणसे यांना घेऊन मर्फी त्या वर्षी एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. बझ्बींचे नाव सर्वांना माहीत आहे, मर्फींचे फारसे नाही. मला हा अन्याय वाटतो.

बझ्बी परतले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे काम झटपट झाले नाही. १९६३ साली संघाने एफ. ए. कप जिंकला, पण लीगमध्ये तो २२ संघांत १९ वा आला होता! खालच्या विभागात जाता जाता वाचला. डेनिस लॉ हे स्कॉटिश खेळाडू आले, बेलफास्टचा जॉर्ज बेस्ट हा पोरगा आला. १९६५ आणि १९६७ साली युनायटेडने लीग जिंकली आणि युरोपियन कपचे दार पुन्हा उघडले.

१९६८ च्या उपान्त्य फेरीत समोर रेआल माद्रिद होता. माद्रिदमध्ये युनायटेड १-३ असे मागे पडले होते. शेवटी सामना ३-३ झाला. बरोबरीचा गोल केला बिल फोक्स यांनी. ते बचावफळीतले खेळाडू. गोल करणे हे त्यांचे कामच नव्हते. ते म्युनिकच्या विमानातून वाचलेल्यांपैकी होते.

२९ मे १९६८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर अंतिम सामना पोर्तुगालच्या बेन्फिकाशी झाला. नियमित वेळ संपली तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. जादा वेळेत युनायटेडने तीन गोल केले आणि सामना ४-१ असा जिंकला. चारांपैकी दोन गोल बॉबी चार्ल्टन यांचे होते. तेही म्युनिकहून वाचलेले. शिट्टी वाजली तेव्हा इतर खेळाडू नाचत होते. बझ्बी मैदानात आले आणि चार्ल्टन व ते एकमेकांना मिठी मारून रडले. म्युनिकला तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती.

त्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९६९ साली त्यांनी संघाची सूत्रे विल्फ मॅगिनेस या तरुण प्रशिक्षकाकडे सोपवली. हे मात्र नीट जमले नाही. जुने खेळाडू अजूनही बझ्बींकडेच पाहत. नव्या माणसाला मोकळा हात मिळाला नाही. दीड वर्षात त्यांना बाजूला केले गेले आणि बझ्बींनाच काही महिने परत यावे लागले. दुसऱ्यांची जागा अचूक ओळखणाऱ्या या माणसाला आपली जागा सोडणे कठीण गेले.

सर मॅट बझ्बी २० जानेवारी १९९४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मरण पावले. ओल्ड ट्रॅफर्डकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते. त्या मैदानाच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर वरच्या बाजूला ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख आहे आणि खाली म्युनिक हे नाव.

स्वाध्याय

१. मँचेस्टर सिटीत सुरुवातीला बझ्बींचा खेळ का बहरला नाही? पुढे कोणता बदल झाला?

२. मँचेस्टर युनायटेडमध्ये येताना बझ्बींनी कोणत्या अटी घातल्या?

३. 'ही मुले म्हणजे बझ्बींकडे ठेवलेली अमानत होती,' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. लीगचा विरोध असताना संघाला युरोपात नेण्याचा बझ्बींचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सात-आठ वाक्ये लिहा.