लिथियम घेणाऱ्याच्या घरात

लिथियम हा सर्वांत हलका धातू. आवर्तसारणीत तो सोडियमच्या डोक्यावरच बसतो, आणि मूत्रपिंडालाही या दोघांत फारसा भेद करता येत नाही. बायपोलर आजारावरच्या या जुन्या औषधाचा धोका समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बंडूरा येथे उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिल्यावर त्यांचा उन्माद ओसरल्याचे जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. पहिला रुग्ण तर बरा होऊन घरी गेला. पुढच्याच वर्षी तो लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. तेथेही मृत्यू झाले. डेन्मार्कचे मोगेन्स स्काउ यांच्या १९५४ पासूनच्या कामामुळे आणि रक्तातली पातळी मोजण्याच्या सोयीमुळे औषध पुन्हा उभे राहिले. अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र १९७० उजाडले.

मेंदूच्या पेशींतील संदेशवहनावर लिथियम अनेक वाटांनी परिणाम करते. उन्माद आवरणे, आजार उलटू न देणे आणि आत्महत्येचा धोका घटवणे हे त्याचे गुण पक्के आहेत. पण उपयोगाची आणि विषाची पातळी यांत अंतर फार थोडे. दीर्घकालीन उपचारात दर लिटरला साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल पुरते, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि २ च्या वर जिवावर बेतू शकते.

लिथियम यकृतात मोडत नाही. जवळजवळ सगळे लघवीवाटे जाते. अंगातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, आणि त्याच्यासोबत लिथियमही. म्हणून गोळी रोजचीच असली तरी रक्तातली पातळी चढते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, लघवी वाढवणारी थायाझाइड गटातली औषधे आणि रक्तदाबावरची एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेलमिसार्टन ही औषधेही हेच करतात.

प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या भावाच्या बाबतीत यातल्या चार गोष्टी एकत्र आल्या. नऊ वर्षे लिथियमवर तो उत्तम स्थिरावला होता. त्यामुळेच घरातली सावधगिरी सुटली आणि रक्ततपासणी वर्षभर राहून गेली. रक्तदाब निघाला, टेलमिसार्टन सुरू झाले, जेवणातले मीठ एकदम कमी केले गेले. ते औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना लिथियमबद्दल कोणी सांगितलेच नव्हते. मे महिन्यात गुडघा दुखू लागला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणले. मग जुलाब लागले. हातांचा कंप वाढला, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. रात्री तो क्लोनाझेपामही घेत असल्याने सुस्ती त्याचीच समजली गेली. औषध चुकू नये म्हणून जुलाबातही लिथियमची गोळी दोन्ही वेळा दिली गेली, आणि ती देणारा हात प्रस्तुत लेखकाचाच होता. पातळी २.४ निघाली. डायलिसिसने रक्त साफ झाले, जीव वाचला. पण मेंदूतले लिथियम रक्ताच्या मागून, सावकाश उतरते, आणि तोवर लहान मेंदूला झालेली इजा कधीकधी कायमची राहते. भाऊ आजही जिना कठडा धरूनच उतरतो.

कंप बारीक असेल तर तो या औषधाचा नेहमीचा त्रास असू शकतो. तो ठसठशीत झाला, त्याच्या जोडीला उलट्या, जुलाब, अडखळते बोलणे, झोकांड्या किंवा गोंधळलेपण आले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साध्या जुलाबातही गोळी चालू ठेवावी का, हे आधी विचारावे. निर्जळी उपवास करू नये. मीठ मनाने कमी करू नये, तसे अचानक वाढवूही नये, कारण जास्त मिठाने पातळी उतरते आणि आजार उलटतो. साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक. बरे वाटते म्हणून लिथियम एकाएकी सोडणे हाही मोठा धोका आहे, उन्माद झपाट्याने परततो.

पातळीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी द्यावे, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. मात्रा बदलली किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादे औषध नव्याने सुरू झाले, तर साधारण आठवड्याने तपासणी हवी. एरवी दर तीन ते सहा महिन्यांनी. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी पाहावे.

ज्यांच्या घरात हे औषध चालू आहे त्यांनी शेवटच्या तपासणीची तारीख आणि आकडा औषधाच्या डब्यावर लिहून ठेवावा, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही तो डबा सोबत न्यावा.