सातबारा, आठ-अ आणि आज्ञावलीचा दुभाषी

ज्या घरीं थोडीबहुत शेती आहे, त्या घरच्या पेटींत दोन कागद बहुधा एकाच पिशवींत जपून ठेवलेले असतात. एक सातबारा व दुसरा आठ-अ. पीककर्जासाठीं बँकेंत जावयाचें झालें म्हणजे दोन्ही बरोबर न्यावे लागतात. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, हिंगणघाट या बाजूच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ते वडिलांच्या हातीं पाहिलेले असतील. परंतु जमीन तीच व मालकहि तोच असतां कागद दोन कां लागावे, हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला असेल. त्याचें उत्तर देतां देतां संगणकविद्येंतील एका अवघड विषयाची ओळख करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गांवचें महसुली दप्तर निरनिराळ्या नमुन्यांत लिहिलेलें असतें. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. हा गट कोणाचा, त्याचें क्षेत्र किती हेक्टर व किती आर, त्यावर कोणाचा बोजा आहे, हें त्यांत असतें. नमुना १२ ही पिकांची नोंदवही. कपाशी किती, तूर किती, सोयाबीन किती. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून तो सातबारा. हा कागद जमिनीच्या बाजूनें लिहिलेला आहे. प्रथम गट, मग माणसें. आठ-अ नेमका याच्या उलट. त्यांत प्रथम खातेदार, मग त्या गांवांतील त्याचे सर्व गट एकाखालीं एक, व शेवटीं एकूण क्षेत्र. याशिवाय नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही आहे. विक्री, वांटणी, वारस, कांहींहि झालें कीं प्रथम येथें नोंद होते, आणि ती मंजूर झाली कीं तिचा क्रमांक सातबाऱ्यावर चढतो. हें सर्व दप्तर सांभाळणाऱ्या तलाठ्यास आपल्याकडील वृद्ध मंडळी अजून पटवारीच म्हणतात. १९५६ पर्यंत आपला जिल्हा आधीं मध्यप्रांताच्या व मग मध्यप्रदेशाच्या कारभारांत होता, त्याची ही राहिलेली खूण.

हे दोन कागद एकमेकांशीं जुळले नाहींत तर काय होतें, तें मीं लहानपणीं घरींच पाहिलें. आमच्या काकांची भावांशीं वांटणी झाली होती. सातबाऱ्यावर नवा हिस्सा चढला, पण आठ-अ वर जुनेंच क्षेत्र राहिलें. बँकेंतील गृहस्थांनीं दोन्ही कागद शेजारीं ठेवले, बेरीज केली, व ती जुळेना म्हणून कागद परत केले. त्यांचें कांहीं चुकलें असें मला आजहि वाटत नाहीं. चूक कोणत्या कार्यालयांत झाली हें सांगण्याचें आतां प्रयोजन नाहीं. दुरुस्ती होईपर्यंत मृग निघून गेला, आर्द्रा लागल्या, आणि काकांनीं सरकीचें बियाणें उसनवारीवर आणून पेरलें. जमीन हलली नव्हती, माणूस बदलला नव्हता; एकच गोष्ट दोन ठिकाणीं लिहिली गेली होती, व त्यांपैकीं एकच ठिकाण बदललें होतें, इतकेंच.

आतां संगणकाकडे वळूं. १९७० सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करणाऱ्या एडगर कॉड नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, असें त्याचें प्रतिपादन होतें. तक्त्याची प्रत्येक ओळ एकेका गोष्टीची, प्रत्येक रकाना एकेका गुणाचा. प्रत्येक ओळीस स्वतःचा ओळखक्रमांक असावा, आणि एका तक्त्यानें दुसऱ्यांतील गोष्टीचा उल्लेख करावयाचा तो त्या क्रमांकानेंच. नांवानें करूं नये, कारण एका गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार सहज निघतात. या पद्धतीचा मोठा गुण असा कीं प्रत्येक तथ्य एकदांच व एकाच जागीं लिहिलें जातें. काकांच्या हिश्शाचा आंकडा एकाच ओळींत असता, आणि सातबारा व आठ-अ हे दोन्ही उतारे तिच्यावरूनच काढले असते, तर त्यांची बेरीज चुकावयास जागाच उरली नसती. कॉडला १९८१ सालीं संगणकविद्येंतील ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, तें याच कामगिरीबद्दल.

परंतु आज्ञावली लिहिणारा मनुष्य तक्त्यांत विचार करीत नाहीं. तो वस्तूंत विचार करतो. नॉर्वे देशांत ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्युगार्ड या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिम्युला नांवाची भाषा रचली. तिच्यांत आज्ञावलीचे लहान लहान स्वतंत्र घटक कल्पिलेले होते. प्रत्येक घटकाजवळ त्याची माहिती असते आणि त्या माहितीवर काय करावयाचें हेंहि त्यालाच ठाऊक असतें. अशा घटकास ऑब्जेक्ट म्हणतात. आपण वस्तु म्हणूं. ज्यावरून वस्तु घडवितात त्यास इंग्रजींत क्लास म्हणतात, पण त्याला वर्ग म्हटलें तर पुढें घोटाळा होईल, म्हणून मी साचा म्हणतों. आज शाळाशाळांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन व जाव्हा या भाषा याच परंपरेंतील होत. आज्ञावलींतील खातेदार ही अशी एक वस्तु झाली. तिला विचारलें, तुझे गट कोणते? तर ती गट हातांत आणून देते. तुझें एकूण क्षेत्र किती? तर ती स्वतःच बेरीज करून सांगते. म्हणजे ती चालताबोलता आठ-अ च झाली.

तक्ता आपल्या जागीं खरा व वस्तुहि आपल्या जागीं खरी. अडचण एवढीच कीं वस्तु संगणकाच्या स्मृतींत जगते. आज्ञावली थांबली कीं ती नाहींशी होते. तक्ता मात्र तबकडीवर टिकून राहतो. म्हणून काम सुरू करतांना तक्त्यांतील ओळींपासून वस्तु घडवाव्या लागतात, व काम संपतांना वस्तूंतील बदल पुन्हा ओळींत उतरावे लागतात. हें दुभाष्याचें काम ज्या साधनाकडे सोंपवितात त्याला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यांत ओआरएम, अशी संज्ञा आहे. जाव्हा भाषेसाठीं गॅव्हिन किंग यानें २००१ सालीं हायबरनेट हें साधन लिहावयास घेतलें. पायथनमधील जँगो २००५ सालीं जगासाठीं खुलें झालें. तें मूळ अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत तयार झालें होतें, ही मौजेची गोष्ट आहे.

साधा दुभाषी लिहिणें कठीण नाहीं. एका साच्यास एक तक्ता, एका गुणास एक रकाना, एका वस्तूस एक ओळ. आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत मुलांनीं गेल्या वर्षीं एका काल्पनिक गांवाचें दप्तर याच रीतीनें मांडलें, आणि पहिल्या दोन दिवसांत सर्वांस हा विषय सोपा वाटूं लागला. खरी परीक्षा त्यापुढें आहे.

पहिली अडचण सामाईक जमिनीची आली. एका गटांत तीन भाऊ, आणि त्यांपैकीं एकाचे आणखी दोन गट. खातेदाराच्या ओळींत गट लिहावेत तर किती रकाने पाडावे? गटाच्या ओळींत खातेदार लिहावेत तरी तीच पंचाईत. तक्त्यांच्या जगांत यावर तिसरा तक्ता करतात. त्याच्या प्रत्येक ओळींत एक खाते क्रमांक व एक गट क्रमांक. वस्तूंच्या जगांत हा तिसरा तक्ता अनावश्यक वाटतो, कारण खातेदाराजवळ गटांची यादी व गटाजवळ खातेदारांची यादी ठेवली कीं भागतें. आमच्या मुलांनीं तसेंच केलें. मग एका मुलीनें विचारलें, ‘सर, ऐंशी आर हा हिस्सा कोठें लिहूं?’ तो खातेदाराचा गुण नव्हे, कारण त्याचे हिस्से अनेक. तो गटाचाहि गुण नव्हे, कारण त्यांत वांटेकरी अनेक. तो त्या दोघांच्या नात्याचा गुण आहे. अखेरीस धारणा नांवाची तिसरी वस्तु घडवावी लागली, आणि तेव्हांच बेरजा नीट लागूं लागल्या. माझ्या काकांची सारी कथा या तिसऱ्या तक्त्यांतील एका ओळीची होती, हें मला त्या दिवशीं वर्गांत उमगलें.

दुसरी अडचण वारशाची. पण ही वारस नोंद नव्हे. एका साच्याचे गुण दुसऱ्यानें घेणें यासहि आज्ञावलीच्या भाषेंत वारसाच म्हणतात. भोगवटादार हा मूळ साचा. वर्ग-१ चा भोगवटादार आपली जमीन मोकळेपणीं विकूं शकतो, वर्ग-२ च्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे त्या दोघांचे निरनिराळे साचे झाले. तक्त्यांस हा कुळवृत्तांत ठाऊक नसतो. सर्वांस एकाच तक्त्यांत बसवावें तर परवानगीचे रकाने वर्ग-१ च्या ओळींत रिकामे राहतात. दोन तक्ते करावे तर सर्व भोगवटादारांची यादी काढतांना दोहोंची जोड घालावी लागते. आम्हीं एकच तक्ता केला. लहान गांवास तें पुरतें.

तिसरी अडचण खेपांची. गांवांतील तीनशें खातेदारांचें एकूण क्षेत्र हवें आहे असें समजा. कोतवालास तलाठ्याच्या कचेरींत पाठविलें. त्यानें खातेदारांची यादी आणली. मग प्रत्येकाच्या धारणा आणावयास पुन्हा पाठविलें. एक अधिक तीनशें मिळून तीनशें एक खेपा झाल्या. वस्तु विचारल्यावरच आपली माहिती मागविते, म्हणून आळशी दुभाषी नेमकें हेंच करतो, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यास तें दिसतहि नाहीं. त्याला फक्त यंत्र मंद झाल्यासारखें वाटतें. आधींच सांगितलें असतें कीं यादी व धारणा एकत्र जोडून आण, तर एका खेपेंत काम झालें असतें. उलट, सर्वच आधीं आण असें सांगितलें तर खातेदाराबरोबर त्याचे गट येतात, गटांबरोबर वांटेकरी, वांटेकऱ्यांबरोबर त्यांचे गट, आणि एका माणसासाठीं अर्धें गांव स्मृतींत येऊन बसतें. कोणत्या कामास काय लागेल हें माणसानेंच ठरवावें लागतें. तें दुभाष्यावर सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

चवथी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, व ती आमच्याकडूनच घडली. दोन मुलांनीं दोन यंत्रांवर एकाच धारणेची ओळ उघडली. म्हणजे ओळ एक व तिच्या वस्तु दोन झाल्या. एकानें चुकलेलें क्षेत्र दुरुस्त करून साठविलें. दुसऱ्यानें बँकेचा बोजा लिहून साठविला. परंतु दुसऱ्याच्या वस्तूंत क्षेत्र जुनेंच होतें, आणि दुभाषी ओळींतील सर्व रकाने पुन्हा लिहीत होता. त्यामुळें पहिल्याची दुरुस्ती कांहींहि आवाज न करतां पुसली गेली. दोन दिवस ती कोणाच्या लक्षांतहि आली नाहीं. काल्पनिक गांवांत यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं. पण आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढतां येतो, व त्यावरील आंकडा कोणी हातानें पुन्हा मोजून पाहत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या चुकीचें वजन कळतें.

एकाच आज्ञावलीच्या आंत यावर उपाय सोपा आहे. कोणत्या ओळीची वस्तु आधींच घडविली आहे याची दुभाष्यानें वही ठेवावी, व तीच ओळ पुन्हा मागितली तर नवी वस्तु न घडवितां पहिलीच द्यावी. दोन यंत्रांमध्यें मात्र ही वही पोंचत नाहीं. तेथें उपाय सुचविला तो नमुना ६ नें. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो, त्यावरून कागद कितव्या बदलापर्यंतचा आहे हें कळतें. आम्हीं प्रत्येक ओळींत असाच एक रकाना वाढविला व त्यास आवृत्ति असें नांव दिलें. ओळ वाचतांना तिची आवृत्ति लक्षांत ठेवावयाची. लिहितांना म्हणावयाचें, आवृत्ति अजून तीच असेल तरच लिही व तींत एक मिळव. नसेल तर लिहूं नकोस.

मग त्याच दोन मुलांना तेंच काम पुन्हा करावयास सांगितलें. दोघांनींहि ओळ उघडली तेव्हां आवृत्ति ३ होती. पहिल्यानें क्षेत्र साठविलें. ती ४ झाली. दुसऱ्यानें बोजा साठवूं जातांच पडद्यावर अक्षरें उमटलीं: ‘ही ओळ मध्यंतरीं बदलली आहे. पुन्हा वाचा.’ त्यानें पुन्हा वाचली, नवें क्षेत्र पाहिलें, खालीं बोजा लिहिला व साठविलें. आवृत्ति ५ झाली. त्यानंतर आम्हीं त्या खातेदाराचा आठ-अ काढला, त्याच्या गटांचे सातबारे काढले, आणि एका मुलीला फळ्यावर बेरीज करावयास सांगितली. ती जुळली.