सामाजिक नवोपक्रम कशास म्हणावे?
ज्या नव्या रीतीने समाजगटांतील परस्परसंबंध पालटतात, तिलाच सामाजिक नवोपक्रम म्हणता येईल. दलित वस्तीसाठी वेगळी विहीर खणल्यास टंचाई मिटते. दुरावा मात्र राहतो, किंबहुना पक्का होतो. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. हौद जुनाच होता. नवा होता तो अधिकार. नुसत्या ठरावानेही हे साधत नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव संमत केला, पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी दलितांनी तेथील पाणी घेण्यास २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रहच व्हावा लागला. १९७२ मध्ये डॉ. बाबा आढाव यांनी सुरू केलेल्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीचा आग्रहही वेगळ्या विहिरीचा नव्हता. असलेला पाणवठा सर्वांचा व्हावा, एवढाच होता.