आधी कागद, मग निरोप

माझं लहानपण एका संप्रदायाच्या वसाहतीत गेलं. संप्रदायाचं नाव सांगत नाही, कारण आई-वडील आणि धाकटी बहीण अजून तिथेच आहेत आणि त्यांच्याशी माझा दुवा टिकून राहायला हवा आहे. नाव कळून तुमचा फारसा फायदाही नाही. महाराज बदलतात, पंथ बदलतात, धर्मही बदलतो; आतली व्यवस्था मात्र बरीचशी सारखी असते.

कुंपणाच्या आत घरं, मधोमध मंदिर, मागे गोठा. पहाटे काकडा, रात्री प्रवचन. यात वावगं काही नव्हतं. काकड्याचे सूर मला आजही आवडतात. वावगं होतं ते वेगळंच. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते, पण पगार संप्रदायाच्या पेढीत जमा व्हायचा आणि घरखर्चाला रक्कम मोजून मिळायची. घर ट्रस्टच्या नावावर. शिक्षण कुंपणातल्या पाठशाळेत, जिला मान्यता नव्हती. वर्तमानपत्र यायचं नाही. बाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी चालायचं नाही. लग्न महाराज ठरवायचे. दर एकादशीला आम्ही मुलं उभी राहून आपल्या चुका सांगायचो आणि त्यानंतर एकमेकांच्या. मैत्रिणीला विश्वासानं काही सांगावं, ही सवयच त्यामुळे लागली नाही.

जो निघून जाई, त्याच्या नावानं घरच्यांना आंघोळ करायला लावत. समाजसुधारक आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्याबद्दल पुढे वाचलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

लोक विचारतात, एवढं होतं तर निघाला का नाहीत? त्यांना वाटतं, श्रद्धेमुळे. माझी श्रद्धा सोळाव्या-सतराव्या वर्षीच डळमळली होती. निघाले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मला बांधून ठेवलं होतं ते छपरानं, पैशानं, शिध्यानं, नात्यानं, आजारपणात दवाखान्यात नेणाऱ्या गाडीनं. हे सगळं एकाच हातात होतं. म्हणून बाहेर पडणं म्हणजे महाराजांशी वाद जिंकणं नव्हे. यातली एकेक गोष्ट गाजावाजा न करता आपल्या हातात घेणं, म्हणजे बाहेर पडणं.

आपला पंथ नुसता कडक आहे की माणसाला कोंडणारा, हे ओळखायचं कसं? वारकऱ्याच्या घरात माळ असते, एकादशी असते, मांसाहार वर्ज्य असतो. पण एखाद्यानं वारी सोडली तर त्याची भाकरी बंद होत नाही, बायको माहेरी पाठवली जात नाही. नियम किती आहेत हे मोजू नका. ‘नाही’ म्हटल्यावर काय काय जातं, ते पाहा.

आता तयारीचं. पहिले कागद. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. मूळ प्रती हाती येत नसतील तर फोटो काढून बाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. जन्माची नोंदच झाली नसेल तर उशिरानंही करता येते. वर्षाहून जास्त उशीर असल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यामुळे हे काम लवकर सुरू करा. आधारला कोणाचा मोबाइल जोडला आहे ते तपासा. ओटीपी वडिलांच्या किंवा सेवेकऱ्याच्या फोनवर जात असेल तर तुमचं प्रत्येक पाऊल त्यांना कळेल. आधार केंद्रावर स्वतः गेलात तर बोटांच्या ठशांवर नंबर बदलून मिळतो, वेगळा कागद लागत नाही.

दुसरा पैसा. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं हवं, तेही संप्रदायाच्या पेढीत नव्हे, बाहेरच्या बँकेत. जनधन खातं शून्य शिलकीवर उघडतं. मी फुलवाती वळून आणि ब्लाउज शिवून पैसे साठवले आणि ते मावशीकडे ठेवले.

तिसरं माणूस. ही मावशी आमच्याकडे ‘बाहेरची’ ठरलेली होती, तिच्याकडे जायला बंदी होती. तरी दवाखान्याच्या निमित्तानं तालुक्याला गेलं की मी तिला भेटायचे. तिनं महाराजांना कधी शिव्या दिल्या नाहीत. ‘दार उघडं आहे, केव्हाही ये,’ एवढंच म्हणायची. असं एक दार आधी शोधा. मनाची तयारी घरात सर्वांना सांगत बसू नका. सांगितलं की समजूत घालायला मंडळी येतात, उपास धरले जातात, घाईघाईनं लग्न ठरतं.

चौथं शिक्षण. पाठशाळेला मान्यता नसेल तरी वाट बंद होत नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही परीक्षा आहे. मी सतरा नंबरनं दहावी दिली, पुढे बारावी, मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. आज हिशेबाच्या कामावर माझं घर चालतं.

निघाल्यावरचं पहिलं काम बहुतेकांना माहीत नसतं. घरचे ‘बेपत्ता’ अशी तक्रार देतात, कधी पळवून नेल्याचीही. मग मदत करणारा माणूस अडचणीत येतो. म्हणून जिथे राहायला जाल तिथल्या पोलीस ठाण्यात त्याच दिवशी लेखी अर्ज द्या: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं आले आहे, माझा पत्ता घरी कळवू नये. पोच घ्या. अठरा पूर्ण झालेल्या माणसाला कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क आहे. अठराच्या आतल्यांनी एकटं निघू नये; १०९८ वर फोन करावा, प्रकरण बालकल्याण समितीकडे जातं.

कायद्याची बाजू आज माझ्या वेळेपेक्षा भक्कम आहे. मुंबई प्रांतानं १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. त्यानंतर प्रदीर्घ काळ वाळीत टाकलेल्याला थेट आधार उरला नव्हता. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा जातपंचायतीपुरताच आहे असा समज आहे. पण त्यातल्या समाजाच्या व्याख्येत धर्मपंथही येतात. मात्र पुरावा लागतो. ‘हिच्याशी बोलू नका’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला असेल तर तो जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते. फोन १५१००.

कागद झाले, खोली मिळाली, तरी मन मागे राहतं. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला आणि वाटलं, हा गुरूचा कोप. चप्पल कोणती घ्यावी हे ठरवता येईना, कारण तोवर कुठलीच निवड आपली नव्हती. हे वेड नाही, बहुतेकांना होतं, आणि ओसरतं. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर मराठीतून बोलता येतं.

या काळात दोन गोष्टी टाळा: लगेच लग्न आणि लगेच दुसरा गुरू. रिकामी झालेली जागा भरायला फार लोक तयार असतात. वाचनालयातल्या बाईंनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ दिलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, स्वतः पाहिलं, मग स्वतः ठरवलं. नवऱ्याचा आग्रह किंवा सासर-माहेरचा आकांत, यातल्या कशालाच त्यांनी आपला निर्णय होऊ दिलं नाही. मला देव ठेवायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. घाई नाही.

घरच्यांशी दोर तोडू नका. त्यांच्या महाराजांवर बोलू नका; बोललात की त्यांना तुमच्याविरुद्ध उभं राहावंच लागतं. दिवाळीला पत्र, आजारपणात चौकशी, एवढं एकतर्फी का होईना चालू ठेवा. माझ्या आईनं बऱ्याच वर्षांनी शेजारणीच्या फोनवरून पहिल्यांदा विचारलं, ‘जेवतेस ना वेळेवर?’ आता अधूनमधून बोलतो. वडील अजून बोलत नाहीत.

आणि जे कधीच आत नव्हते, त्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीत अशी कुणी भाची, विद्यार्थिनी, शेजारीण असेल तर तिच्या गुरूची टिंगल करू नका, तिला भाषण देऊ नका. तिचे कागद तुमच्या कपाटात ठेवून घ्या, तुमचा पत्ता तिला पाठ करायला सांगा आणि ती रात्री-अपरात्री आली तरी दार उघडा.