घरातला कॉम्प्युटर बंद पडला तर

आमच्या वस्तीतल्या एका घरी सेकंडहँड कॉम्प्युटर सात वर्षे चालला. लेकीचे शिष्यवृत्तीचे कागद, जातीचा दाखला, आजीचे शुगरचे रिपोर्ट, सगळे त्यातच. परवा तो सुरूच होईना. आई दोन रात्री झोपली नाही, बीपीची गोळीही राहिली. मी गेले तेव्हा बीपी १७०/१०० होते.

"ताई, मशीनसाठी कुणी रडतं का?" तिने विचारले. रडतं की! पोटाला चिमटा घेऊन आणलेली वस्तू ती.

म्हणून आधी जेवण, झोप आणि गोळी. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. बीपी उतरले नाही तर दवाखाना गाठा.

मग मशीन. प्लग काढून दुसऱ्या सॉकेटला लावून पाहा. पुष्कळदा एक्स्टेन्शन बोर्डच गेलेला असतो. आतला पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू किंवा टोचू नका.

मशीन गेले म्हणजे कागद गेले, असे नाही. ते हार्ड डिस्कवर असतात आणि डिस्क शाबूत असेल तर दुसऱ्या मशीनला जोडून काढता येतात. दुकानदाराला पहिल्यांदा हेच सांगा: "फॉरमॅट मारू नका, आधी डेटा काढून द्या." डिस्क खडखडत असेल तर मशीन पुन्हापुन्हा सुरू करू नका. रिपोर्टची झेरॉक्स मात्र घरात हवीच.

लेकीचे कागद निघाले. आईचे बीपी काल १४०/९० होते. गोळी चालू आहे.